भाषणातला उरलेला अर्धा भाग

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. आई म्हणते, मी पोटात होते तेव्हाही तिला झोपू दिलं नाही. तरी मी काम असं धरलंय की दिवसभर एका काचेच्या बशीवर नजर ठेवून बसावं लागतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझ्या बशीत उंदराच्या मेंदूतल्या पेशी वाढतात, एकमेकींना जोडून घेतात आणि विजेच्या बारीक झटक्यांनी आपसात बोलत राहतात. बडबड फार झाली की त्या स्वतःच आवाज उतरवतात, फार शांतता झाली की चढवतात. हा तोल त्या कसा राखतात, हे मी शोधते.

गावी, वरवंडला आमच्या वस्तीत हे कुणी कधी विचारलं नव्हतं. 'ती उंदरांवर काहीतरी करते' एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. यंदा मात्र चौदा एप्रिलला, जयंतीला, विहारासमोर मला भाषणाला उभं केलं. आमच्याकडे शिकलेल्या माणसाची यातून सुटका नसते.

मी आमटीचं उदाहरण घेतलं. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतलं, तर घरातली बाई मुकाट्यानं तिखट-मीठ वाढवते आणि चव जागेवर आणते. मेंदूही तसाच, बाहेरून काहीही ओता, तो आपली चव सांभाळून घेतो. बायका हसल्या, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या धाकट्या भावानं तर शिट्टी मारली. माझं निम्मं बोलणं अजून बाकी होतं. तेवढ्यात तालुक्याचे कुणी पुढारी आले आणि संयोजकांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली, 'ताई, आवरा.' मी आवरलं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

भावाला दहाव्या वर्षापासून फिट यायची. गोळ्या लागू पडल्या आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. त्या जोरावर त्याला शिरूरच्या अलीकडे एका कारखान्यात नोकरी लागली, गाडी आली, आता स्थळंही येऊ लागली होती. पाहुणे यायचे असले की आई गोळ्या डाळीच्या डब्यामागे सारायची.

मे महिन्यात एका मंगळवारी साडेबाराला आईचा फोन आला.

"अगं, ह्याच्या कपड्याखाली गोळ्या सापडल्यात. भरलेली पाकिटं हायत. एक बी फोडलेलं न्हाई."

"तो कुठाय?"

"आत्ताच गेला की दुपारच्या पाळीला. गाडीवर."

भाषणात जे राहिलं होतं ते हेच होतं. बशीत औषध घालून पेशींना गप्प केलं की दोन दिवसांत त्या कान टवकारतात, बारीकशा खुणेलाही उत्तर द्यायला लागतात. मग औषध धुऊन टाकलं की त्या पहिल्यासारख्या बोलत नाहीत, बोंबलतात. सगळ्या एकदम. आमटीतलं पाणी काढून घेतलं तरी आधी वाढवलेलं तिखट आतच राहतं. सावकाश तेही कमी होतं, पण तोपर्यंत तोंड भाजतं. गोळ्याही मेंदूला असंच गप्प ठेवतात, आणि माझ्या भावाच्या मेंदूत तर मुळातच काहीतरी बिनसलेलं होतं. हे सगळं मी इतक्या वेळा पडद्यावर पाहिलंय की डोळे मिटूनही दिसतं.

त्याला फोन लावला, उचलला नाही. शिरूरची एसटी पकडली आणि पुन्हा लावला. वाघोलीला गाडी तुंबली, कोरेगाव भीमाला तुंबली, शिकरापूरच्या चौकात तर इंजिनच बंद करून ड्रायव्हर चहाला उतरला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारची बाई पिशवी उचलून मागच्या सीटवर जाऊन बसली. भाऊ गावाहून गाडीवर येतो त्या, चौफुल्यापासून शिरूरपर्यंतच्या रस्त्यावरचे सगळे ट्रक मला डोळ्यांसमोर दिसत होते. मी फोन लावतच राहिले. कितव्यांदा कोण जाणे, पण रिंग वाजून पुन्हा बंद पडली तेव्हा मी त्याला मोठ्यानं शिवी घातली आणि मग रडले.

कारखान्याच्या गेटवरच्या बिहारी वॉचमननं माझं तोंड पाहून काही न विचारता आत निरोप धाडला. भाऊ आला. धडधाकट, डोक्यावर हेल्मेट, चेहरा पांढरा.

"आईला काय झालं?"

"आईला काही नाही. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

त्यानं मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग मला समोरच्या टपरीच्या बाकड्यावर नेऊन बसवलं.

"जयंतीपासनं," तो म्हणाला. "आन् काय झालं? काय बी न्हाई. तूच म्हणलीस ना, मेंदू आपला आपण सांभाळून घेतो. मग म्हणलं, बघू त्याला सांभाळू देऊन. जलमभर पोरीकडच्यांपासनं लपवत बसू काय?"

मी आधी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते माझ्यावरच चिडले. त्यांनी गोळ्या आजपासून कशा सुरू करायच्या ते सांगितलं आणि तुमच्या भावाला गाडीला हात लावू देऊ नका म्हणाले. मग मी भावाला उरलेला अर्धा भाग सांगितला. या वेळी हसायला कुणी नव्हतं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला.

"हे तुला तवाच ठावं हुतं?"

"हो."

"चिठ्ठी दिली म्हणून माइकवर न्हाई बोललीस, ऱ्हाऊ दे. पण घरी चार दिस हुतीस की."

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायची मला लाज वाटत होती. तरी दिलं. "सगळे कौतुक करत होते रे. तूपण. मला ते मोडवलं नाही."

तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कप खाली ठेवला, खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ताई, कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "परवा कामावर येताना पारगावच्या अलीकडं हुतो तेवढं आठवतंय. मग एकदम न्हावऱ्याच्या चौकात हुतो. गाडी चालूच हुती. मधला नदीवरचा पूल मी कवा वलांडला, मला ठावं न्हाई."