बांधावरचं कोंबडं

काशीच्या घरानं बापतिस्मा घेऊनही बांधावरच्या देवाला चोरून कोंबडं कापलं, ही बातमी खारकोपरीत पहिल्यांदा मनुबाईनं सोडली. मनुबाई काशीची शेजारीण. तिच्या पोटात चिंबोरी पचायची, बातमी पचायची नाही. "पानी डोक्यावर घेतलान, पन खोड कुटं गेली गो!" असं ती पाणवठ्यावर म्हणाली आणि महिन्याभरात ते वाक्य धरमतरची खाडी ओलांडून अलिबागच्या प्रार्थनामंदिरात जाऊन बसलं.

काशीचा नवरा भागोजी मिठागरात राबायचा. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी रावजी मास्तर नावाचे उपदेशक गावात आले आणि भागोजी बायकोसकट ख्रिस्ती झाला. झाला तो असा, की येशू जणू त्याचा सख्खा मावसभाऊ. प्रार्थना एवढ्या मोठ्यानं करायचा की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. काशी मात्र गप्प. तिला अक्षर येत नव्हतं. मास्तर एकदा म्हणाले होते, "मानणं वेगळं, भरवसा वेगळा. बांध टिकेल असं सगळेच म्हणतात. उधाणाला बांधाखाली खाट टाकून झोपेल, त्याचा भरवसा खरा." भागोजीनं हे चार गावांत सांगितलं. काशीनं कुणाला सांगितलं नाही, पण विसरलीही नाही.

भाताची खाचरं खाडीचं पाणी अडवणाऱ्या त्या खारबांधाच्या आडोशानं जगायची. आषाढी अवसेच्या उधाणाआधी एका घरानं बांधावर कोंबडं द्यायचं, अशी पाळी असे. त्रेपन्न साली पाळी भागोजीवर आली.

"देनार न्हाय," भागोजी म्हणाला.

गावचा म्हातारा दादू हसला. "नको देऊस. बांध फुटला तर चाळीस घरांचं भात खारं होईल. तुजा देव चिखल टाकाया येनार हाय का रं?"

पोरं खिदळली. भागोजीही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या आत गेलंच नाही. काशीनं घरी त्याला एवढंच म्हटलं, "अवो, आता खाट टाकायची येळ आली." तो खेकसला, "तू मला शिकवू नको."

अवस आली, भर दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला चाटून परत गेलं. बांध टिकला. दोन दिवसांनी चिखलात पिसं सापडली आणि मनुबाईला सुगी आली.

रावजी मास्तर छत्री सांभाळत आले. ओटीवर बसले, चहाला हात लावला नाही. "भागोजी, तुझ्या घरातल्या कुणी हे केलं?"

काशीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत होता. जातीनं त्याला आधीच सोडलेलं. आता ख्रिस्ती मंडळीनं सोडलं तर मेल्यावर खांदा द्यायलाही कोणी उरलं नसतं. ती वाट पाहत राहिली. चहावर साय धरली.

"मी कापलं, मास्तर," काशी म्हणाली.

मास्तरांनी सुस्कारा सोडला. खरं तर त्यांना बरंच वाटलं. भागोजी त्यांचा पहिला बापतिस्मा. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात त्याचं नाव ठळक होतं. काशीला प्रभुभोजनापासून, म्हणजे मंदिरातल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवण्यात आलं.

तरी ती दर महिन्याला मंदिरात जायची, शेवटच्या बाकावर. भाकर पुढून यायची आणि तिच्या अलीकडच्या बाईपाशी थांबायची. भागोजी पुढं बसून घ्यायचा. पुढं तर तो मंडळीचा वडील, म्हणजे कारभारीही झाला, कोट घालायला लागला. गावातल्या बायका चिडवायच्या, "काय गो काशे, तुला प्रसाद न्हाय?" ती म्हणायची, "देतील. तो सांगंल तवा देतील." तो म्हणजे देव, असं बायका समजायच्या.

आठ वर्षं गेली. एकसष्टच्या उन्हाळ्यात काशीला पाण्याची सूज चढली. मास्तर भाकर आणि द्राक्षरस घेऊन आले.

"काशीबाई, एकदा पश्चात्ताप झाला म्हणा, मी आत्ता देतो."

"खोटं एकदा बोलले मी," ती धापा टाकत म्हणाली. "त्याचा झालाय. कोंबड्याचा कसा व्हावा?"

मास्तरांना वाटलं, बाई वातात बोलते. तिनं मान वळवून भागोजीकडे पाहिलं. तिला घाई नव्हती. भागोजीनं पवित्र शास्त्र उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला, चांगलं अर्धा तास. वाचून झालं तेव्हा ऐकणारी उरली नव्हती. मास्तरांनी भाकर रुमालात परत बांधली.

मंडळीच्या पुस्तकात तिच्या नावापुढं अजून शेरा आहे. तो खोडायला भागोजी कधी गेला नाही.

कोंबडं भागोजीनं कापलं होतं. काशी त्या दिवशी तळा गावी, भावाच्या घरी होती.