लोणीची पिचर

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. हात खांद्यातून पूर्ण एक चक्कर फिरवायचा आणि कमरेजवळ आला की खालून चेंडू सोडायचा. बघणाऱ्याला वाटतं, सगळी ताकद हातात आहे. तसं नसतं. ताकद पायातून निघते, पोट-कमरेतून वर येते आणि शेवटी हाताला मिळते. मधलं पोट-कंबर ढिलं असेल तर कुठेतरी काहीतरी मोडतं. हे मी एकोणीस वर्षं मुलींना तोंडपाठ सांगत होतो. सांगणं आणि करून घेणं यात फरक असतो, तो मात्र मला फार उशिरा कळला.

अपेक्षा काळभोर आमच्या मैदानावर आली तेव्हा सतरा वर्षांची होती. लोणी काळभोरहून बसने यायची, पाठीवर सॅक, हातात डबा. उंच, रुंद खांद्यांची पोर. पहिल्याच दिवशी तिने टाकलेला चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा काही वाजला, की शेजारी क्रिकेट खेळणारी मंडळीसुद्धा वळून बघायला लागली. आणि क्रिकेटवाले आमच्याकडे बघतात म्हणजे काय, विचारू नका.

मी खूश झालो. वडिलांचं नाव बापूराव, ऊस, विहीर, बागायत वगैरे कळल्यावर तर आणखीच. सगळ्यांना सांगत सुटलो, "ही शेतातली पोर आहे. हिची कंबर तुमच्यासारखी सोफ्यावर वाढलेली नाही."

केयूर माझाच जुना खेळाडू. फिजिओथेरपी शिकून आला होता आणि रविवारी फुकट मदत करायचा. त्याने मला व्यायामांचा एक कागद आणून दिला. कोपरांवर अंग ताठ धरायचं ते प्लँक, उताणं पडून कंबर उचलायची ते ब्रिज, एका कुशीवर तोलून राहायचं, मेडिसिन बॉल नावाचा जड चेंडू दोन्ही बाजूंना फेकायचा. रोज वीस मिनिटं.

"सर, पिचरचा कोर तयार नसेल तर कंबर जाते," तो म्हणाला.

"कोर म्हणजे आपलं पोट आणि कंबरच ना रे? इंग्रजीत म्हटलं की फी वाढते," मी म्हणालो.

बाकीच्या मुलींकडून आठवड्यातून दोनदा करून घ्यायला लागलो. अपेक्षाला त्यातून सूट दिली. मैदान आम्हाला दीडच तास मिळायचं. हिच्या अंगात आहेच, मग हिची वीस मिनिटं कशाला घालवायची? तेवढ्यात चाळीस चेंडू जास्त टाकून होतील, हा माझा हिशेब. ती बिचारी टाकत राहिली. स्पर्धेत एका दिवसात तीन-तीन मॅच तिच्याकडून टाकून घेतल्या, कारण ती असली की आम्ही जिंकायचो.

राज्याच्या संघाची निवड चाचणी महिन्यावर आली होती. तिला त्या संघात जायचं होतं, बस्स. दुसरं काही ती बोलायचीच नाही. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मागे वाकलं की डावीकडे कंबर दुखतीय."

मी म्हणालो, "कसब्यात आमच्या शेजारच्या काकू बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांची दुखते. तुझं वय किती?"

पोरी खो खो हसल्या. तीही हसली. त्यानंतर तिने कमरेचं नाव काढलं नाही. मला वाटलं, राहिली दुखायची. अहो, जीभ आहे की काय आहे माझी!

चाचणीत तिने सहा जणींना बाद केलं आणि शेवटचा चेंडू टाकून खाली बसली ती उठेना. केयूर आणि मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी एमआरआय झाला. पाठीच्या कण्यातल्या खालच्या मणक्याला तडा. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही. पुढचं पुढे बघू."

बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हाच केयूरच्या मोबाइलवर संघाची यादी आली. पिचर म्हणून पहिलं नाव तिचं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "तू तर शेतात राबलेली पोर गं, तुला कसं काय झालं हे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कुठं राबलीये, सर? आमच्याकडं कामाला माणसं आहेत. मी तर चार तास बसमध्ये आणि कॉलेजात बसून असते. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, तर मला भारी वाटायचं. म्हणून बोलले नाही."

दीड वर्षात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. घर शेतकऱ्याचं म्हणून पोरगी विहिरीचं पाणी ओढत असणार, हे मी पेठेत बसून ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात तिला घरून फोन आला. तो ठेवून ती म्हणाली, "सर, यादीचं बाबांना कळलंय, पेढे वाटतायत. घरी मी नुसती लचक भरलीये म्हणून सांगितलंय. आजच्या दिवस राहू दे. मी सांगते उद्या."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापूरावांचा फोन, "सर, गावात या, सत्कार हाय." गेलो. वेशीवर फ्लेक्स, त्यावर तिचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात माझा, खाली 'मार्गदर्शक'. मंदिरासमोर मांडव. अपेक्षा खुर्चीत ताठ बसलेली. आतून पट्टा बांधलाय हे मला दिसत होतं. तिने माझ्याकडे बघून मान नुसती नाही म्हणून हलवली. अजून सांगितलं नव्हतं.

बापूरावांनी मला शाल घातली, हातात नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. मी दहा मिनिटं बोललो. शिस्त, मेहनत, मातीतली ताकद. टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी बापूरावांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"सर, पोरीनं सांगितलं. तुम्हाला तवा ठावं होतं?"

"हो."

"मग शाल कशी काय घेतली?"

मी म्हणालो, "चुकलं माझं, बापूराव. कमरेचंही आणि शालीचंही."

"मला म्हणून काय उपेग? पोरीला म्हणा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

सहा महिन्यांनी ती आली होती, हळूहळू टाकून बघितलं, पण तो वेग परत आला नाही. भीती बसली होती. नंतर येणं थांबलं. आता हिंजवडीत एका कंपनीत आहे, असं केयूर सांगतो. माझ्याकडे हल्ली प्रत्येक पोरगी आधी वीस मिनिटं प्लँक-ब्रिज करते आणि मगच चेंडू हातात घेते. लोक म्हणतात, सर किती काटेकोर झालेत.

अपेक्षाचा नंबर माझ्याकडे आहे. सहा वर्षं झाली. 'चुकलं माझं' असं तिला अजून म्हणालेलो नाही.