उजव्या पायातला गिअर

सकाळी नळाला पाणी आलं नाही की अख्खी वसाहत तिच्या दाराशी यायची, म्हणून तिचं नाव पाणीबाई पडलं होतं. गावाबाहेरच्या तलावावर जे पंपघर आहे, तिथे ती ऑपरेटर. चार पंप, त्यांचे व्हॉल्व्ह, दाबाचे काटे, सगळं तिच्या हाताखाली. पंप बिघडला की ती आधी त्याला चांगलं फैलावर घ्यायची आणि मग पाना उचलायची. खात्यातले लोक म्हणायचे, निम्मे पंप तिच्या बोलण्याला भिऊनच चालतात.

तिचा डावा घोटा मात्र तिचं काही एक ऐकत नसे. लहानपणी ती भिंतीवरून पडली, हाड वाकडंतिकडं जुळलं आणि पाऊल काटकोनात अडकलं ते अडकलंच. चालायची भरभर, जराशी हेलकावत. फक्त चवडा वर उचलता यायचा नाही. आता मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाच्या चवड्यानंच वर उचलावा लागतो, तेव्हा तो विषय शाळेत असतानाच मिटला होता. आधी वडील, मग भाऊ, मग नवरा, असं कुणीतरी पुढे आणि ही मागे. मागे बसणाऱ्या माणसाला रस्ता दिसत नाही, शर्टाची पाठ दिसते. तिनं आयुष्यभर तीन पाठी बघितल्या.

नवरा काचेच्या कारखान्यात काचा कापायचा. माणूस सोन्यासारखा, पण सल्ले द्यायला लागला की उंटावरचा शहाणा. रोज सकाळी तो तिला जुन्या स्कूटरवरून पंपघरात सोडायचा आणि तिथून कामावर जायचा. मग कारखाना उठून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि सगळं गणित बिघडलं. तलावाकडे बस जात नव्हती. स्कूटर तिनं एकदा स्वतः चालवून पाहिली होती, पण बंधाऱ्यावरच्या सैल खडीत ती लहान चाकं सरकली आणि बाईसाहेब कोपर सोलून घरी आल्या. पुन्हा हात लावला नाही.

चार वेळा उशीर झाल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं. "महिनाअखेरपर्यंत यायची काहीतरी सोय करा," ते म्हणाले. "नाहीतर मुख्य कचेरीत बिलं विभागात खुर्ची रिकामी आहे. पंख्याखाली बसाल, पायालाही आराम." साहेब मनापासून बोलले होते, म्हणून तर तिला जास्त लागलं. पंपांचा तो घुमणारा आवाज सोडून दिवसभर कागदांवर शिक्के मारायचे, या नुसत्या विचारानं त्या रात्री तिनं अर्धं ताट बाजूला सारलं.

नवऱ्यानं तोडगा काढला. एखादी दणकट जुनी मोटारसायकल घ्यायची, तिला झटपट सोडायचं आणि तसंच कारखाना गाठायचा. कुणीतरी सांगितलं, लाकडाच्या वखारीमागे एक म्हातारे सुतारकाका राहतात, त्यांची गाडी विकायची आहे. रविवारी दोघं गेली.

गाडी शेडमध्ये उभी होती. काळी, जाडजूड, टाकीवरचा रंग गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंनी उडालेला. सुतारकाकांनी ती तरुणपणी घेतली होती आणि इतकी वर्षं तीच वापरली होती. आता गुडघे किक मारू देत नव्हते. पाणीबाईनं सवयीनं इंजिनावर हात ठेवला. गार होतं, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवलेली नव्हती. माणूस सरळ आहे, असं तिनं मनात ठरवून टाकलं.

"आधी जरा समजून घ्या," सुतारकाका म्हणाले, पण नवरा तोवर स्वार झालाही होता. "काका, मी मिसरूड फुटायच्या आधीपासून गाड्या चालवतोय," असं म्हणून तो फाटकाबाहेर पडला. गल्लीच्या टोकापर्यंत ऐटीत गेला, ऐटीत वळला, परत येताना थांबायला म्हणून त्यानं उजवा पाय दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलून पुढे निघाली. त्यानं आणखी जोरात दाबला. गाडी त्याला घेऊन थेट वखारीच्या कोपऱ्यातल्या वाळूच्या ढिगात घुसली आणि बंद पडली.

पाणीबाई धावली. लागलं कुठेच नव्हतं, फक्त नाकातोंडात वाळू होती. "गाडीच वाकडी आहे," नवरा थुंकत म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली आणि त्याचे केस झटकायला लागली.

सुतारकाका सावकाश चालत आले. "तुम्ही चौथे," ते म्हणाले. "म्हणून तर ती वाळू मी तिथून हलवत नाही." मग त्यांचा चेहरा ओशाळला. "ताई, लपवत नाही. गाडीत खोट एकच आहे. जुनी बनावट आहे ही. हिचा गिअर उजव्या पायात आहे आणि ब्रेक डाव्या. आता सगळ्यांचे पाय उलटे शिकलेत. ज्याला गाडी येते त्यालाच ही येत नाही."

पाणीबाईचा हात नवऱ्याच्या केसांतच थांबला.

"परत सांगा," ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. गाडी शेडमध्ये आणून स्टँडवर चढवेपर्यंत ती गप्प होती, आणि एरवी ती इतका वेळ गप्प बसायची ती घरात कुणी आजारी असलं तरच, म्हणून नवरा काळजीत पडला. मग तिनं पदर खोचला, साडी सावरली आणि पाय टाकून पुढच्या सीटवर बसली. हँडल हातात घेतलं. समोर कुणाची पाठ नव्हती. शेडचं उघडं दार, त्यापलीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला आभाळाचा तुकडा, सगळं एकदम अंगावर आलं. इतकं मोठं असतं का पुढे बसणाऱ्याचं जग, असं तिला वाटलं, आणि आजवर हे कुणी सांगितलं कसं नाही याचा थोडा रागही आला.

तिनं उजवा चवडा गिअरखाली घातला आणि उचलला. खट्. पाय मुकाट्यानं वर गेला, जसा तो नेहमी जायचा.

"आता चाक फिरवा बरं," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं मागचं चाक हातानं जोरात फिरवलं. तिनं डावा पाय ब्रेकवर ठेवला. या पायावर आजवर कुणी, तिनं स्वतःनंही, कसला भरवसा ठेवला नव्हता. तिनं दाबला. घोटा वाकतच नव्हता, त्यामुळे कमरेपासून टाचेपर्यंतचा सगळा जोर, वाटेत कुठेही न सांडता, सरळ ब्रेकवर उतरला. चाक जागच्या जागी थांबलं. नवऱ्यानं पुन्हा फिरवलं, तिनं पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी त्यानं दात-ओठ खाऊन फिरवलं आणि तरी ते थांबलं.

ती खाली वाकून त्या ब्रेककडे बघत राहिली. तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हा कुठल्याशा कारखान्यात कुणा अनोळखी माणसानं ही बनावट कागदावर काढली असेल. त्याला गिअर कुठेही ठेवता आला असता. त्यानं तो उजवीकडे ठेवला. मग जगानं ठरवलं, ही चूक आहे, आणि झाडून सगळ्या गाड्या बदलून टाकल्या. ही एक तेवढी लाकडाच्या भुशात उभी राहिली होती.

"अगं, पण पडलीस तर?" नवरा म्हणाला.

"तुम्ही आत्ताच पडलात," ती म्हणाली.

सुतारकाकांनी नवऱ्याकडे बघून भाव सांगितला, त्यावर 'चालेल,' असं ती म्हणाली.

शिकाऊ परवाना काढून वखारीमागच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. सुतारकाका खुर्ची टाकून बसायचे आणि नवरा शेजारून पळायचा. पहिले दोन दिवस किकनं तिला दाद दिली नाही. मग काकांनी हँडलखालची छोटी कळ दाखवली, ती दाबली की इंजिनात अडकलेला दाब सुटतो. "म्हणजे पंपातली हवा काढल्यासारखंच," ती म्हणाली, आणि पुढच्याच किकला गाडी सुरू झाली. एकेक ठोका सुटा, सावकाश, छातीत जाऊन बसणारा. ती तशीच उभी राहून ऐकत होती. नवऱ्याला तिचे डोळे भरलेले दिसले, पण वाळूच्या प्रकरणानंतर तो थोडा जपून बोलायला शिकला होता.

शिकली मात्र ती भराभर. काकाही चकित झाले. तिला मोडायला जुनी सवयच नव्हती, आणि शिवाय तिच्या अंगाला बरंच काही आधीच माहीत होतं. इतकी वर्षं मागे बसून तिच्या पाठीला क्लच कळत होता, कानाला गिअर कळत होता, वळणावर किती झुकायचं ते कमरेला कळत होतं. आपण नुसतं ओझ्यासारखं बसून नव्हतो, सगळा वेळ शिकत होतो, हे लक्षात आल्यावर ती मैदानाच्या मधोमध गाडी थांबवून एकटीच हसत सुटली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती पंपघराकडे निघाली. नवरा मागे बसला, कारण 'पहिल्या दिवशी सोबत हवी.' मागे कसं बसायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. हात कुठे ठेवावेत कळेना, वळणावर तो भलतीकडेच झुकायचा. "गाडीबरोबर झुका, माझ्याशी भांडू नका," ती ओरडली. बंधारा आला. खाली खडी, डावीकडे पाणी, आणि शेवटी पंपघराच्या फाटकापर्यंतचा तो उतार. फाटक बंद होतं.

"उतरू या का इथे?" मागून आवाज आला.

तिला बोलायला सवड नव्हती. गाडी उताराला लागली, खडी टायरखाली करकरली, फाटक मोठं होत अंगावर यायला लागलं. तिनं उजव्या पायानं गिअर उतरवला आणि डावा पाय हळूहळू, मोजूनमापून, शेवटी सगळा जीव एकवटून दाबला. मागचं चाक किंचित घसरलं, मग खडीत रुतून बसलं. गाडी थांबली. फाटक हात लांब करून उघडावं इतक्या अंतरावर होतं. तिनं इंजिन बंद केलं. आतल्या पंपांची घरघर ऐकू यायला लागली. तिनं डाव्या पायावर हात ठेवला, जसा ती पंपावर ठेवायची.

नवरा खाली उतरला. गाडी आता इथेच राहणार होती. त्याला बंधाऱ्यावरून चालत मोठ्या रस्त्यावर जाऊन कारखान्याची बस पकडायची होती. त्यानं आपला डबा घेतला, थोडा पुढे गेला आणि सवयीनं वळला. "संध्याकाळी घ्यायला येऊ ना?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याच्या लक्षात आलं.

"मीच येते तुम्हाला घ्यायला," ती म्हणाली.

तो डबा या हातातून त्या हातात करत उभा राहिला. "बरं," तो म्हणाला. "मग मी कुठे उभा राहू?"

"कारखान्याच्या दारातच थांबा," ती म्हणाली. "आणि थोडा उशीर झाला तर घाबरू नका."