जमिनीतून तापणारं पाणी

पंचवटीतल्या त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. वीज कंपनीच्या पथकाला खबर मिळाली आणि त्यांच्या घरी मीटरच्या आधीच जोडलेली चोरटी वायर सापडली.

"साहेब, माझं पाणी विजेवर नाही तापत. जमिनीतल्या उष्णतेवर तापतं," बाई म्हणाल्या. आमच्या पोलीस ठाण्यात हशा पिकला.

त्यांनी पिशवीतून ठेकेदाराचा छापील कागद काढला. तीनशे फूट बोअर, आत पाइप, जन्मभर फुकट गरम पाणी, लाइट बिलात बचत. निवृत्तीची बहुतेक रक्कम त्यात गेली होती. वर आता वीजचोरीचा गुन्हा!

"विश्वास कसा बसला, ताई?"

"आमच्या पेठ गावच्या विहिरीतून थंडीत पहाटे वाफा निघायच्या. त्यानं तीच आठवण काढली. खोटं कसं वाटणार?"

मी चंद्रपूरकडचा. आमच्या विहिरीचंही तेच. माझी शाळा लहानपणीच सुटलेली, त्यामुळं पंचनाम्यात चूक होईल ही धास्ती कायम. म्हणून प्रत्येक वस्तूला स्वतः हात लावायचो. बाईंच्या घरी जाऊन न्हाणीमागचा तो पाइप धरून ओढला, तर कमरेएवढाच निघाला. खाली मुरूम. भिंतीवरच्या पेटीत मात्र विजेची कॉइल, आणि चोरटी वायर तिलाच जोडलेली.

ठेकेदाराला चौकशीला बोलावलं. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "साहेब, पृथ्वीच्या पोटात लाव्हा असतो. शाळेत शिकला असालच. बोअर पूर्ण मारला होता, वरचा पाइप तुम्ही तोडलात."

"शाळा कमीच झाली माझी," म्हटलं आणि बाईंच्या शेजारणीला आत घेतलं. गल्लीत कुणी स्कूटर आडवी लावली तरी ठाण्यात फोन करणारी ही बाई.

"बोअर?" ती कडाडली. "बोअरची गाडी आली असती तर गल्ली पांढरी झाली नसती का भुकटीनं? माझी धुणी वाळत होती त्या दिवशी! दोन माणसं पहार घेऊन आली अन् माझा चहा उकळेस्तोवर गेलीसुद्धा."

ठेकेदार सरळ बसला. मग कबुली आली. बचत दिसावी म्हणून वायर त्यानंच जोडली होती.

तंत्रनिकेतनातल्या एका सरांचाही जबाब घेतला. ते म्हणाले, अशी यंत्रणा खरी असते. पण तिचा पंपही विजेवरच चालतो, आधी खर्च मोठा आणि बचत सावकाश. एकट्या बाईच्या आंघोळीला ती परवडायची नाही.

आरोपी म्हणून आलेल्या बाई फिर्यादी झाल्या. पैसे पूर्ण मिळाले नाहीत. कागदावर सही करताना त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी चोर नाही ना?"

याचीच चीड आजही येते. लुबाडलं त्यानं, आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या त्या. या शहरानं परक्या मुलखातल्या माझ्यासारख्याला पोटाशी धरलं, त्याचे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच सांगतो, आपलंसं बोलणाऱ्यावर विश्वास टाकणं हा गुन्हा नव्हे. फिर्याद ऐकण्याआधी हसणं हा गुन्हा आहे. त्या दिवशी ठाण्यात हसणाऱ्यांत मीही होतो.