एक्स-रेत न दिसणारा तुकडा

मंगळवारी मनगटाचा एक्स-रे काढायला कर्जतच्या दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खुर्चीवर साठीच्या एक मावशी फिल्म हातात धरून बसल्या होत्या... चेहरा पार उतरलेला.

"बघ गं पोरी," त्यांनी फिल्म माझ्यापुढे धरली. "पाठीत तुकडा बसवलाय बोलले. फोटूत तर कायच नाय. घातलाय तरी का?"

मी फिल्म खिडकीकडे धरली आणि दोन मणक्यांच्या मधले बारीक ठिपके दिसले. लगेच ओळखले.

खोपोलीच्या कारखान्यात नऊ वर्षं मी हेच काम करते. मणक्यांमध्ये बसवायचे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, काजूपेक्षा थोडे मोठे. त्यांच्यावर आम्ही सिरॅमिकचा पातळ थर चढवतो, हाडात असतं तसल्याच पदार्थाचा. नुसत्या प्लॅस्टिकला हाड सहसा धरत नाही... या थराला धरतं.

"मावशी, हे प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही. म्हणून आत धातूच्या खुणा ठेवतात, हे ठिपके त्यांचेच. बाकी डॉक्टरांना विचारा."

मी काय काम करते तेही सांगितलं. मावशींनी माझा हात धरला, नेमका दुखरा. "मग तुज्या घरात कुनाला बसवलाय का गं?"

काय सांगणार... माझ्या बाबांची पाठ भाताच्या खाचरात धरली, ती परत सरळ झालीच नाही. हा इलाज त्यांना चालला असता की नाही, देव जाणे. आम्ही कुठे दाखवलंच नाही. मी कामाला लागायच्या आदल्या वर्षी ते गेले.

"नाय मावशी," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या हसतच. "हाड धरलंय बोलले गं! वझं उचलायचं नाय, पन चालायचं बिनघोर."

आणि गेल्या की चालत... हळू, पण ताठ. गेटाबाहेर वळेपर्यंत मी बघत राहिले.

रोज इतके तुकडे हातांखालून जातात, पण त्यातला एखादा असा चालत जाताना पहिल्यांदाच पाहिला. खूप बरं वाटलं... आणि बाबांची फार आठवण आली. मला कळायला लागल्यापासून ते वाकलेलेच. माझे बाबा खरे किती उंच होते, ते मला कधी कळलंच नाही.