हाय तसा फोटो

गुलाबाच्या वासाची टाल्कम पावडर कुणी लावली की मला शाहूपुरीतला एक फोटो स्टुडिओ आठवतो. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि एका स्थळाला पाठवायचा फोटो काढायला वडिलांबरोबर गडहिंग्लजहून एसटीने आले होते. निघताना आईने माझ्या चेहऱ्यावर पावडरीचा जाड थर दिला होता. कोल्हापूर येईपर्यंत घामाने त्याचे गळ्यावर पांढरे ओघळ झाले होते. फोटो काढून झाल्यावर फोटोग्राफरने आम्हाला कॉम्प्युटरसमोर बोलावलं, माऊस दोन-चारदा फिरवला आणि माझा चेहरा दुधासारखा गोरा करून दाखवला. मला तो मनातून आवडला, हे कबूल करते. वडील मात्र वाकून बघतच राहिले. "ही कोण?" त्यांनी विचारलं. "तुमचीच मुलगी की, पावणं!" "न्हवं. माझी पोरगी माझ्या आईच्या रंगाची हाय. हाय तसा फोटो द्या." त्यांचा आवाज रानात हाका मारून कमावलेला, सगळा स्टुडिओ वळून बघायला लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवसांनी त्या स्थळाकडून नकार आला. आई रडली. मी रागाने वडिलांना म्हणाले, "तो गोरा फोटो पाठवला असता तर?" ते शांतपणे म्हणाले, "मग त्यांनी दुसऱ्याच पोरीला हो म्हटलं असतं की. आन् तिच्या जागी तू नांदाय गेली असतीस व्हय?" मी तोंड फिरवून आत निघून गेले. ते बोलणं मला उमगायला बरीच वर्षं लागली, आणि उमगलं तेव्हा ते ज्यांना सांगायचं ते वडील राहिले नव्हते.