वसुधाकाकूंचं ऱ्होड आयलंड

ज्या बाईने मला अमेरिका दाखवली, तिला गाडी चालवता येत नव्हती.

वसुधाकाकू काल अमरावतीला वारल्या.

२००३ ची गोष्ट. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या श्रूजबरीच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर, खाली निखिल. माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या, ऑफिसातला. वसुधाकाकू त्याची आई. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

मी डिपेन्डन्ट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. त्यात हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली आणि रेलिंगवर आदळली. मला खरचटलंही नाही, पण नंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

लोकांना सांगायचे, "मला घरीच आवडतं."

काकू शाळेत इतिहास-भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. जूनमधल्या एका सकाळी अमेरिकेचा नकाशा घेऊन वर आल्या.

"हे बघ, ऱ्होड आयलंड. एवढंसं राज्य! नाव मावत नाही म्हणून समुद्रात लिहिलंय. जन्मभर पोरांना नुसतं बोट ठेवून दाखवलं. काय आहे गं तिथे?"

"माहीत नाही काकू. वीकेंडला निखिल नेईल ना."

"त्याला मला मॉल दाखवायचाय. तू ने."

"मी ड्राइव्ह करत नाही."

"का?"

सांगितलं. अभयलाही इतकं नीट सांगितलं नव्हतं. रात्री डोळे मिटले की गाडी घसरते, हेसुद्धा.

काकूंनी धीर वगैरे दिला नाही. "किती लांब आहे?" एवढंच विचारलं.

"तासभर."

"मग हळू चालव. दोन तास लागू दे."

अभय कारपूलने गेला होता, गाडी खालीच होती. का कोण जाणे, मी किल्ली घेतली.

हायवेवर मागचा ट्रक हॉर्न वाजवत सुटला. मी काही वेग वाढवेना.

"वाजवू दे बाप्पा. घाई त्याला आहे."

राज्याची हद्द कधी लागली, कळलंही नाही.

आधी पॉटकेट. नदीकाठची जुनी सूतगिरणी. अमेरिकेतलं यंत्रावरचं सूत पहिल्यांदा इथे निघालं. पाण्याच्या जोरावर चाकं फिरायची आणि यंत्रांवर लहान लहान मुलं काम करायची.

काकूंनी वाकून ती यंत्रं जवळून बघितली. मग गाइडला म्हणाल्या, "And cotton? From where?"

"दक्षिणेतून," ती म्हणाली. "गुलामांनी पिकवलेला."

मग काकूंनी शाळेतल्या सावकाश इंग्रजीत सांगितलं, की तुमच्याकडे यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा आमच्या वऱ्हाडातला कापूस जहाजं भरभरून विलायतेला गेला. माझं गाव त्या बाजारावर वाढलं.

गाइडने ग्रुपमधल्या सगळ्यांना जवळ बोलावलं. "Ma'am, would you say that again?"

काकूंनी पुन्हा सांगितलं. हातात खडू असल्यासारखं बोट हवेत फिरवत.

तिथून न्यूपोर्ट. आणि न्यूपोर्टच्या आधी तो पूल.

उंच. खाली समुद्र. पुलाच्या अलीकडच्या टोलनाक्यावर पुढची गाडी सरकली तरी मी थांबूनच राहिले.

"काकू, मला नाही जमणार. परत जाऊ या."

"जाऊ. पण आधी मला सांग, हे राज्य मुळात झालंच कसं? गिरणीतल्या माहितीफलकावर तू काय वाचलंस?"

मागच्याने हॉर्न दिला, मी टोल भरला आणि सांगायला लागले. मॅसॅच्युसेट्सने एका पाद्र्याला धर्माबद्दलच्या मतांसाठी हाकललं... तो भर थंडीत चालत निघाला... इथल्या मूळच्या लोकांनी त्याला जागा दिली... त्याने ठरवलं, इथे कोणीही यावं, कोणताही धर्म पाळावा...

"मग कोण कोण आलं?"

"क्वेकर पंथाचे लोक आले. ज्यू आले. न्यूपोर्टला त्यांचं जुनं प्रार्थनामंदिर आहे अजून..."

"आणि गुलामांची जहाजं कुठून सुटायची?"

"न्यूपोर्टहूनच."

"म्हणजे एकाच बंदरात दोन्ही. शिकवताना दोन्ही शिकवायला पाहिजे," काकू म्हणाल्या. "पूल संपला बघ."

संपला होता. मीच चालवत आणलं होतं.

गाडी बाजूला घेऊन मी खूप रडले. काकूंनी डब्यातला दशमीचा तुकडा हातात दिला आणि खिडकीतून बंदर बघत बसल्या.

मग समुद्राकाठचे ते प्रचंड बंगले पाहिले. लक्षाधीश त्यांना 'कॉटेज' म्हणायचे, उन्हाळ्यापुरते राहायचे. संगमरवर बघून मी थक्क. काकूंचा एकच प्रश्न, "नोकर कुठे झोपायचे?" विचारून विचारून वरच्या मजल्यावरच्या त्या खोल्या कुठे आहेत ते शोधून काढलंच.

घरी आलो तर पार्किंगमध्ये अभय आणि निखिल उभे. निखिल भडकलेला.

"आई, न सांगता? काही झालं असतं तर?"

"झालं ना. पुष्कळ झालं," म्हणत काकू आत गेल्या.

अभय माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिला. "न्यूपोर्टला जाऊन आलो," मी म्हणाले. "न्यूपोर्ट? तू?"

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी सारख्या भटकलो. बोटीने ब्लॉक आयलंडला गेलो, दीपगृहं पाहिली. ऑक्टोबरात काकू परत गेल्या.

पुढच्या वर्षी मी ऱ्होड आयलंडच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्सला, मास्टर्सला ॲडमिशन घेतली. दोन वर्षं रोज तोच हायवे. एकटीने.

गेल्या महिन्यात फोनवर काकूंचा आवाज अगदी खोल गेला होता. तरी विचारलंच, "काय गं, डेलावेअरला गेलीस कधी? काय आहे तिथे?"

"नाही हो काकू, माहीत नाही."

"अगं मग एवढी वर्षं काय करून राहिलीस तिथे?"

आणि हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

काकू, तुम्हाला मनापासून नमस्कार.
तुमच्यामुळे मी घराबाहेर पडले.